राजाचे संग्रहालय

तुमच्या दप्तरात किंवा घरच्या फळीवर एखादा पत्र्याचा डबा नक्की असेल. आईला तो कचरा वाटतो. तुम्हाला मात्र त्यातील एकेक वस्तू पाठ असते. मिकी माउसचे चित्र असलेला खोडरबर, छोटा भीमचे स्टिकर, वेफर्सच्या पुड्यातून निघालेली गोल चकती, मुंबईच्या मनोरंजन उद्यानातून मामेभावाने आणलेली की-चेन. आपल्या मोलगीच्या आठवडी बाजारात एका बाजूला आमचूर आणि भगरीचे ढीग लागतात आणि दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या खेळण्यांची ताडपत्री पसरलेली असते. त्या ताडपत्रीपुढे उकिडवे बसलेले तुमचे चेहरे मी अनेकदा पाहिले आहेत.

असाच एक डबा मी एकदा वर्गात जप्त केला. मी फळ्यावर लिहीत होतो आणि मागच्या बाकावर स्टिकरांची देवाणघेवाण चालली होती. मला राग आला. डबा टेबलाच्या खणात टाकला आणि शिकवू लागलो. तास संपल्यावर डब्याचा मालक जवळ आला. त्याने डबा परत मागितला नाही. त्यातली फक्त एक की-चेन मागितली. तिची कडी तुटली होती आणि कार्टूनच्या उंदराचा एक कान उडाला होता. पाच रुपयांनाही कोणी घेतली नसती. पण ती त्याच्या मोठ्या भावाने सुरतेहून आणली होती. भाऊ तेथे कामाला होता आणि वर्षातून एकदाच घरी येत असे. मी डबा परत दिला. खरे सांगायचे तर मला थोडी लाज वाटली, कारण अशा छोट्या वस्तूंसाठी सारे आयुष्य वेचणाऱ्या एका माणसाचे संग्रहालय मी स्वतः पाहिले होते आणि तरीही तो डबा मी कचरा समजलो होतो.

त्या माणसाची ओळख करून देण्यापूर्वी तुमच्या खोडरबरावरच्या उंदराबद्दल थोडेसे सांगतो. मिकी माउस १९२८ साली अमेरिकेत पडद्यावर आला. त्याचे निर्माते वॉल्ट डिस्ने तेव्हा फारसे श्रीमंत नव्हते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने त्यांना ३०० डॉलर देऊ केले आणि मुलांच्या लिहिण्याच्या वह्यांवर मिकीचे चित्र छापण्याची परवानगी घेतली. म्हणजे मिकीची पहिली वस्तू निघाली ती शाळेच्या कामाची! त्यानंतर घड्याळे आली, बाहुल्या आल्या. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड हे उद्यान सुरू झाले आणि तेथून परतताना आठवण म्हणून लोक काहीतरी छोटेसे घेऊन येऊ लागले. गंमत अशी, की डिस्ने यांना स्वतःलाही लहान वस्तू जमवण्याचा नाद होता. बोटभर उंचीच्या खुर्च्या, इवलीशी भांडी असे कितीतरी सामान ते हौसेने गोळा करीत.

पण डिस्ने यांच्यामागे मोठा व्यवसाय उभा होता. आपल्या महाराष्ट्रातील ज्या माणसाची ही गोष्ट आहे, त्यांच्यामागे असे काही नव्हते. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्याजवळ 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' आहे. बी.एड.चे शिक्षण घेत असताना मी पहिल्यांदा तेथे गेलो. पाटीवरचे नाव वाचून मला वाटले, हे दिनकर केळकर कुठल्यातरी संस्थानाचे राजे असतील आणि आत तलवारी, सिंहासने, हिरेजडित मुकुट असतील. तुम्हालाही तसेच वाटले असेल. तो माझा गैरसमज होता. हा राजा कोण, ते पुढे येईलच.

दिनकरराव केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. ते सरदार नव्हते की जहागीरदार नव्हते. पुण्यात त्यांच्या घराण्याचे चष्म्याचे दुकान होते. तेथे बसून लोकांच्या डोळ्यांना नीट दिसेल असे चष्मे विकावेत, एवढेच खरे तर त्यांच्याकडून अपेक्षित होते. पण दिनकररावांना कवितेचे वेड लागले. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहू लागले. अज्ञातवासी म्हणजे कोणाला ठाऊक नसलेल्या ठिकाणी राहणारा. तुमच्या उर्दू शायरीत जसे तखल्लुस असते, तसेच मराठी कवीचे हे टोपणनाव. त्यांनी आपल्या काळातील इतर कवींच्या कविताही वेचून 'महाराष्ट्र शारदा' या नावाने एकत्र आणल्या. आता विचार करा. इतरांच्या कविता वेचून जपणे हासुद्धा संग्रहच नव्हे काय? स्वभाव तोच होता, पुढे फक्त वस्तू बदलल्या.

इतिहासावरच्या कविता लिहायच्या म्हणून ते जुन्या गोष्टींच्या मागे लागले. किल्ले, वाडे, जुनी घराणी यांच्याकडे त्यांचे मन ओढ घेऊ लागले. प्रथम कोणालाही आवडतील अशी शस्त्रे त्यांच्या नजरेत भरली. पण हळूहळू त्यांचे लक्ष दिवाणखान्यातून माजघराकडे आणि माजघरातून स्वयंपाकघराकडे वळले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच. तलवार जपणारे पुष्कळ होते. सुपारी कातरण्याचा अडकित्ता कोण जपणार?

साधारण १९२० पासून त्यांनी जमवाजमव सुरू केली. तो काळ कसा होता, तेही समजून घ्या. पुण्यातील जुने वाडे मोडकळीस येत होते. पेशवाई १८१८ साली संपली होती आणि पुढच्या शंभर वर्षांत अनेक सरदार घराण्यांची मिळकत आटली होती. घरात पैशाची अडचण आली की माळ्यावरची भांडी खाली उतरत. तांब्यापितळेची जुनी वस्तू बाजारात वजनावर विकली जाई. तिला मोड म्हणत. मोडीत गेलेली समई आणि मोडीत गेलेली परात यांत कासार फरक करीत नसे. दोन्ही भट्टीत जात आणि वितळून त्यांची नवी भांडी होत. ज्या कारागिराने दोन महिने बसून समईच्या टोकावर मोर घडवला असेल, त्याचे काम एका दुपारी नाहीसे होई. त्या कारागिराचे नाव तर कोठे लिहिलेलेच नसे. सुतार, तांबट, कासार, लोहार, विणकर हे सारेच तसे अज्ञातवासी.

दिनकरराव अशा वस्तूंच्या मागे गावोगाव फिरू लागले. आधी पुणे आणि आसपासचा मुलूख, मग महाराष्ट्राबाहेर गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत. आजच्यासारख्या सोयी नव्हत्या. एखाद्या घरी दाराची कोरीव चौकट असल्याचे कळले, की ते तेथे पोहोचत. घरातील माणसांना नवल वाटे. ज्या वस्तूकडे घरच्यांनीही कधी नीट पाहिले नाही, तिच्यासाठी हा गृहस्थ इतक्या दुरून का आला? अशा कामात पैसा लागतो, त्याहून जास्त चिकाटी लागते, आणि घरातील माणसांची साथ नसेल तर ते एक दिवसही चालत नाही. दिनकररावांना ती साथ पत्नी कमलाबाई यांच्याकडून मिळाली. घर वस्तूंनी भरत चालले तरी त्यांनी या कामात पतीला सोबत केली. तुमच्या एका डब्यावरून घरात काय बोलणी खावी लागतात, ते आठवा. मग येथे तर घराचाच डबा झाला होता!

आता त्या वस्तूंकडे वळू. त्यांची नावे वाचताना तुम्हाला एक मौज दिसेल.

पहिली वस्तू अडकित्ता. तुमच्या घरी याला सरौता म्हणतात. दोन पाती, मध्ये खिळा, आणि सुपारी कातरायची, इतके साधे हत्यार. पण केळकरांच्या संग्रहातील अडकित्ते पाहा. कोणाचा आकार पोपटाचा, कोणाचा घोड्याचा, कोठे नवरा-बायकोची जोडी. अडकित्ता उघडला की ती दोघे दूर जातात आणि सुपारी कातरली की जवळ येतात. ज्याने तो घडवला, त्याला हसू येत असेल असे मला नेहमी वाटते. मग पानदान, अत्तरदाणी, गुलाबदाणी, सुरई, हुक्का. लिहिण्यासाठी दौत आणि कलमदान. विंचवाच्या आकाराचे कुलूप. चोराने हात घालण्यापूर्वी दचकावे, अशी त्याची रचना.

मौज लक्षात आली का? या मराठी घरांतील वस्तू, पण नावे तुमच्या ओळखीची. पानदान आणि कलमदान यांतील 'दान' फारसी आहे. तोच मराठीत 'दाणी' होऊन अत्तरदाणीत बसला. गुलाब हा शब्दही फारसीतूनच आला. तुमची दवात मराठीत दौत झाली. अरबीतील कुफ्ल मराठीच्या तोंडी बसताना उलटापालटा होऊन कुलूप झाला. मराठी भाषा आपल्याला परकी आहे, असे ज्याला वाटत असेल त्याने या संग्रहालयातून एकदा फेरी मारावी. शब्द आणि वस्तू हातात हात घालून प्रवास करतात. वस्तू मोडीत गेली, की काही दिवसांनी शब्दही विसरला जातो. तुमच्यातील किती जणांनी वज्री हा शब्द ऐकला आहे? आंघोळीच्या वेळी पायाच्या टाचा घासण्याची ही वस्तू. उर्दूत तिला झांवा म्हणतात. केळकरांनी जमवलेल्या वज्र्यांवर पक्षी आहेत, प्राणी आहेत. टाच घासण्याच्या वस्तूवरही पक्षी! ज्या घरात ती वापरली जात असेल, तेथील बाईला रोज सकाळी तो पक्षी भेटत असेल.

याशिवाय दिवे आहेत. समया, लामणदिवे, साखळीला टांगलेले दिवे. स्वयंपाकघरातील भांडी, शेवया करण्याची यंत्रे, वाद्ये, वस्त्रे, गंजिफा नावाचे गोल पत्ते, कातडी बाहुल्या. आणि लहान मुलांची खेळणीही आहेत. लाकडाची, धातूची, जुन्या काळच्या मुलांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. बहुतेक वस्तू १८व्या आणि १९व्या शतकांतील आहेत. १९६० पर्यंत त्यांची संख्या सुमारे १५,००० झाली होती. पुढे ती २०,००० च्या वर गेली. जागा इतकी अपुरी, की एका वेळी त्यांतील थोड्याच वस्तू मांडता येतात.

एक मोठी वस्तूही त्यांनी वाचवली, तिचाही उल्लेख करायला हवा. बाजीराव पेशव्यांची मस्तानी तुम्हाला माहीत आहे. ती १७४० साली मरण पावली. तिचा मुलगा शमशेर बहादूर १७६१ साली पानिपतच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढला आणि तेथे झालेल्या जखमांमुळे नंतर मृत्यू पावला. मस्तानीसाठी पुण्याजवळ कोथरूडला महाल होता. काळाच्या ओघात तो पडला. त्याचे उरलेले भाग केळकरांनी आणले आणि आपल्या संग्रहालयात ते जोडून 'मस्तानी महाल' उभा केला. जिच्याबद्दल तिच्या हयातीत इतके कडवट बोलले गेले, तिच्या महालाचे अवशेष पुण्याच्या एका कवीने असे जपून ठेवले. मी त्या दालनात बराच वेळ उभा होतो.

आता त्या राजाची गोष्ट.

दिनकरराव आणि कमलाबाई यांना एक मुलगा होता. त्याचे नाव राजा. तो सात वर्षांचा असताना मरण पावला. सात वर्षे म्हणजे तुमचा दुसरीत शिकणारा धाकटा भाऊ. असे दुःख आले, की माणसे वेगवेगळ्या तऱ्हेने वागतात. कोणी बोलणे सोडतो. कोणी मुलाचे कपडे, पाटी, खेळणी नजरेआड करतो, कारण ती पाहवत नाहीत. कोणी तीच खेळणी उशाशी घेऊन झोपतो. दिनकररावांनी आपला सारा संग्रह या मुलाच्या नावाने केला. पाटीवर आधी राजाचे नाव आहे आणि मग बापाचे. एरवी मुलाच्या नावामागे वडिलांचे नाव लागते, येथेही तसेच लागले आहे; पण मुलगा मोठा होऊन नाव काढील अशी बापाची जी आशा असते, ती येथे बापानेच मुलासाठी पूर्ण केली. त्या इमारतीत कोणताही संस्थानिक राजा कधी राहिला नाही. तेथे एका सात वर्षांच्या पोराचे नाव राहते.

हे कळल्यावर मी पुन्हा खेळण्यांच्या कपाटापाशी गेलो. मघाशी मी ती भरभर पाहून पुढे निघालो होतो.

एवढ्या वस्तू जमवून दिनकरराव श्रीमंत होऊ शकले असते. जुन्या वस्तूंना परदेशात मोठी मागणी होती आणि आहे. एकेक अडकित्ता विकला असता तरी पुढच्या पिढ्या बसून जेवल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला, म्हणजे तुम्हाआम्हाला दिला. संग्रह करणाऱ्याला ही गोष्ट किती कठीण जाते, ते ज्याने डबा जपला आहे त्यालाच समजेल. एक जादा स्टिकर मित्राला देताना तुमचा हात कसा अडखळतो, ते मी वर्गात पाहतो. पुणे विद्यापीठाने दिनकररावांना सन्मानाची डी. लिट. पदवी दिली, म्हणून लोक त्यांना डॉक्टर केळकर म्हणू लागले. १९८० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १७ एप्रिल १९९० रोजी ते वारले. तेव्हा त्यांचे वय ९४ वर्षे होते. म्हणजे जवळजवळ ७० वर्षे त्यांनी हे एकच काम केले.

तुम्ही म्हणाल, पुणे फार दूर आहे. देवगोईचा घाट उतरून अक्कलकुव्याला जायचे, तेथून नंदुरबार, धुळे, नाशिक आणि मग पुणे. आणि आपल्याकडे कोठे आहेत पेशव्यांचे वाडे? पण जरा आजूबाजूला पाहा. काठीच्या होळीला बुध्या नाचतात, तेव्हा त्यांच्या कमरेला बांधलेले सुके भोपळे आणि घुंगरू तुम्ही पाहिले आहेत. मोरपिसांचे टोप पाहिले आहेत. त्यांतील भोपळा कसा वाळवतात, कोणत्या दोरीत ओवतात, हे तुमच्या आदिवासी मित्राच्या आजोबांना विचारा. आपल्याच तालुक्यातील मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे १९९० च्या दशकात सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाऊ लागली. घर सोडून निघताना माणूस काय बरोबर घेतो आणि काय मागे ठेवतो? धान्य घेतो, गुरे घेतो. मुलाचे लाकडी खेळणे घेतो का? जे लोक तेथून उठून दुसरीकडे वसले, त्यांच्यापैकी कोणी बाजारात भेटले तर अदबीने विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या घरी दादीचे पानदान असेल, नानांची दौत असेल. त्यांचे नाव, ती कोठून आली, कोणी वापरली, हे आजच वहीत लिहून ठेवा. दादी आहे तोवरच हे लिहिता येते.

संग्रहालयातील प्रत्येक वस्तूची वहीत नोंद असते. क्रमांक, वस्तूचे नाव, कशाची बनवली, कोठून मिळाली, कोणाकडून मिळाली. नोंद नसेल तर ती वस्तू मुकी होते. दिसते, पण काही सांगत नाही. मी ही पद्धत वर्गात फळ्यावर लिहून दाखवली आणि ज्याचा डबा जप्त केला होता, त्यालाच पहिली नोंद करायला सांगितली. त्याने पाच रकाने आखले. डब्यातील सगळ्या स्टिकरांमधून, चकत्यांमधून त्याने तीच कान तुटलेली की-चेन काढली आणि लिहिले: क्रमांक १, की-चेन, प्लॅस्टिक, सुरत, भाईजान. मग थोडे थांबून त्याने एक सहावा रकाना आखला आणि त्यात भाऊ घरी आला होता ती तारीख लिहिली.